प्रिंटरच्या गटातली महाराणी
तापलेल्या यूपीएसचा वास आला, की मला मंगरूळपीरच्या कॉलेजातली लॅब आठवते आणि नव्यानं संताप येतो. अकराला प्रात्यक्षिक परीक्षा होती, मुलं दाराशी उभी होती, आणि त्यांची खाती उघडायला बसले तर लिनक्सचा सर्व्हर मलाच बजावतो, की तुम्हाला हा अधिकार नाही. अॅडमिन मी! आदल्याच दिवशी सोबतच्या सरांनी अॅडमिनचे अधिकार मागितले होते आणि मी ठणकावून नाही म्हटलं होतं. म्हणजे चोर तेच. मुलांसमोर मी कडाडले, "कोणाले इचारून हात लावला माह्या सर्व्हरले?" सरांनी सर्व्हर रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी अधिकाराशिवाय आत शिरता येतं तसा, सुरू केला, नोंदी उघडल्या आणि म्हणाले, "मॅडम, काल प्रिंटर चालावा म्हून तुमीच सोताले प्रिंटरच्या गटात टाकलं. जुने गट ठेव म्हून मशीनले सांगतलंच नाही, तं त्यानं तुमाले अॅडमिनच्या गटातून काढून टाकलं." मुलं फिसकन हसली. सरांनी माझं राज्य मला परत दिलं, परीक्षा वेळेवर सुरू झाली, आणि ही महाराणी त्यांनाच म्हणते, "मंग कालच काहून नाही सांगतलं?" आता नातीला मी रोज शिकवते, की चुकलं तर लगेच माफी मागावी. सरांची मी अजून मागितलेली नाही. ते बरोबर निघाले, हा राग अजून उतरायचा आहे.