कोरे उंदीर

माझ्या ताईचा हात हलका. प्रयोगशाळेत उंदरांना सुई टोचायचं तिचं काम. उंदराने चीं करायच्या आत सुई बाहेर. घरी मात्र तिच्या हातून एक कप धड राहिला नाही, ते सोडा.

तिच्या मॅडम एका लशीची चाचणी घेत होत्या. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना लस दिली, दुसऱ्यातले कोरे ठेवले, आणि मग ताईने सगळ्यांना तापाचे जंतू टोचले. कोरे आजारी पडायला हवे होते. एकही पडला नाही. सगळे टुणटुणीत!

"तू यांना टोचलंच नाहीस," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. ताई परोपरीने सांगत राहिली, रडली. कोण ऐकतो? नव्या माणसाने नव्या उंदरांना टोचलं, ते आजारी पडले आणि ताईची नोकरी गेली.

आता माझ्या तळपायाची आग मस्तकात का जाते ते ऐका. ते 'कोरे' उंदीर कोरे नव्हतेच. आधीच्या एका प्रयोगात त्यांना दुसरे जंतू टोचले होते. बरे झाले म्हणून मॅडमनीच काटकसर करून त्यांना कोऱ्यांत घातलं. जंतू वेगळे, महिने उलटले, आता काय उरणार? अंगात शिरलेल्या कुणावरही आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी भांडतात आणि विसरतात, असं त्या धरून चालल्या. पण पेशी विसरल्या नव्हत्या. पहिल्या लढाईनंतर त्या अशा सावध झाल्या होत्या की दुसऱ्याच जंतूंवरही दुप्पट जोराने तुटून पडल्या.

मॅडमना हे कळलं वर्षाने, तशाच बऱ्या झालेल्या उंदरांवर मुद्दाम पुन्हा प्रयोग करून पाहिल्यावर. केवढं कौतुक झालं त्यांचं! संन्याशाला फाशी, आणि चोराला हारतुरे.

ताई तोवर एका दवाखान्यात लागली होती. तिथले डॉक्टर अगदी गरीब गाय. एकदा सहज म्हणाले, "सुई नीट लागली ना?" ताईने ट्रे आपटला आणि त्यांना असं फाडफाड बोलली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. तीही नोकरी गेली.

मग एके दिवशी मॅडम दारात. ताईला कामाची फार गरज होती, त्यामुळे मी घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"परत ये गं. झालं गेलं विसरून जा," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "त्या पेशींना एवढं लक्षात राहतं, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

"आता कळलं ना?" ताई म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.