इंदूबाईची साक्ष

सौंसरच्या दवाखान्यात आया असलेल्या इंदूबाईला वाचता येत नव्हतं. दर रविवारी चर्चच्या प्रार्थनेत पाळकसाहेब शास्त्र वाचत, त्यातलं एखादं वाक्य ती आठवडाभर तोंडात घोळवी आणि जमेल तसं करून पाही. तिची भक्ती एवढीच. नवरा वारल्यावर धाकट्या भावानं, सुखदेवनं, तिला घरात घेतलं. त्याचा मुलगा हेमंत तिच्याच मांडीवर वाढला.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एके दिवशी ती बोरगावहून पायी येत होती. तिच्या डोळ्यांदेखत हेमंतनं दारूच्या नशेत मालकाचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घातला आणि रामाकोना गावच्या गुणवंता नावाच्या मजुराला चिरडलं. हेमंत पळाला. गुणवंतानं इंदूबाईच्या हातातच प्राण सोडला.

संध्याकाळी सुखदेव म्हणाला, "अक्का, पोलीस विचारतीन. तो मजूर पिऊन होता, सोताच चाकाखाली आला, असं सांगजो."

"पिऊन तर आपला हेमंत होता, बाबू."

"मंग माह्या पोराले जेलात धाडतं काय? तुले इतके वर्स पोसलं ते यासाठी?"

ती पाळकसाहेबांकडे गेली. तेही चाचरले. "बाई, घरचा मामला आहे. जरा थांबून पाहा." तिला वाटलं होतं, ते 'खरं बोल' म्हणतील, मग निदान त्यांच्या शब्दाचा आधार राहील. तोही मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी गुणवंताची बायको शकुबाई दवाखान्यात आली. ती फक्त एवढंच म्हणाली, "लोक म्हनून राहिले, माहा मानूस दारुड्या होता. त्यानं कधी थेंब नाही घेतला, मावशी."

इंदूबाई तशीच ठाण्यात गेली. पुढे कोर्टातही तिनं पाहिलं तेच सांगितलं. हेमंतला वर्षाची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी सुखदेवनं तिची पेटी अंगणात ठेवली. ती प्रार्थनाघरामागच्या खोलीत राहायला गेली.

दर महिन्याला ती छिंदवाड्याच्या जेलात जाई. हेमंत भेटायला बाहेर येत नसे. ती तासभर बाकावर बसून परत येई. 'देवा, तुह्यं ऐकलं तर असं काऊन झालं?' असं तिनं कितीदा विचारलं. गुडघे टेकणं मात्र सुटलं नाही.

अठ्ठ्याऐंशीत सुखदेवला लकवा झाला. भावजय प्रमिला एकटीनं सारं करून थकली, तेव्हा इंदूबाई न बोलावता गेली. सुटून आलेला हेमंत तिला पाहून घराबाहेर निघून गेला. सुखदेवनं भिंतीकडे तोंड केलं. तिनं त्याचं अंग पुसलं आणि भाताचा घास ओठाशी धरला. तिनं हात मागं घेतला नाही. मग त्यानं तोंड उघडलं. डोळे मात्र मिटलेलेच ठेवले.

पाच महिने ती रोज जात होती. मरेपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.