शेवटचं बंदर

सुलेखा कुलथे मूळची नगरची. बारावीनंतर मेडिकलची संधी थोडक्यात हुकली, तेव्हा घरच्यांनी फार्मसीचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. तिने तो भरला नाही. चेन्नईला जाऊन फिजिशियन असिस्टंटचा कोर्स केला. लग्नाच्या बैठकीत मंदारच्या आत्याने विचारलं, "म्हणजे तू नक्की कोण गं?" सुलेखाने सांगितलं, "डॉक्टर यायच्या आधी पेशंटला बघते आणि डॉक्टर गेल्यावरही त्याच्यापाशी थांबते, ती." आत्याबाईंना ते कितपत पटलं कोण जाणे. मंदारला पटलं.

पुण्यात हृदयरोगाच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिने सात वर्षं काढली. पेशंटची सगळी हकीकत काढायची, तपासायचं, डॉक्टरांपुढे नेमकं मांडायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलं. मग २०११ मध्ये मंदारने बोटीवरची इंजिनिअरकी सोडली, त्याला सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली, आणि पाच वर्षांच्या जाईला घेऊन ती दोघं वुडलँड्सच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

तिथे सुलेखाच्या कामाला नावच नव्हतं. एजन्सीतल्या बाईने तिची सर्टिफिकेटं दोनदा वाचली आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर नाही, नर्सही नाही. मग मी कुठल्या रकान्यात टाकू तुम्हाला?" सुलेखा म्हणाली, "ज्या रकान्यात काम असेल त्यात टाका." नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर काम करण्याचं परवानगीपत्र काढलं आणि घरापासून दोन ब्लॉक पलीकडे डॉक्टर को यांच्या दवाखान्यात ती क्लिनिक असिस्टंट म्हणून लागली. नावं नोंदवायची, वजन आणि बीपी घ्यायचं, औषधं पाकिटात भरून खिडकीतून द्यायची. पुण्याच्या मैत्रिणी फोनवर हळहळल्या. ती हळहळली नाही. दारातून आत येणारा माणूस नगरचा असो की वुडलँड्सचा, त्याच्या चालण्यावरून अर्धं कळतं, असं तिचं मत होतं.

दवाखाना ब्लॉकच्या तळमजल्यावर, बेकरी आणि केशकर्तनालय यांच्या मधोमध. डॉक्टर को साठीचे, बुटके, कमी बोलणारे. रोहाना ही मलय बाई तिथली सगळ्यात जुनी; तिने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "सू, आत पेशंट असताना दार उघडायचं नाही. आग लागली तरच."

दुसऱ्या महिन्यात सुलेखाने माती खाल्ली. गोह आंटी नावाच्या अडुसष्ट वर्षांच्या चिनी बाई औषधं घ्यायला खिडकीशी आल्या. घोटे सुजलेले. सुलेखाने सहज म्हटलं, "आंटी, ही सूज बीपीच्या गोळीनेही येते हं." आंटींनी मान डोलावली, घरी गेल्या आणि गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी आल्या त्या डोकं धरूनच, आणि बीपी दोनशेला टेकलेलं.

डॉक्टरांनी सुलेखाला आत बोलावून दार लावून घेतलं.

"सूज गोळीचीच होती," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस. म्हणून तर तिने विश्वास ठेवला. पण तू तिला अर्धीच गोष्ट दिलीस. दुसरी गोळी लिहून द्यायचा अधिकार तुला नाही, मग पहिलीवर बोट कशाला ठेवलंस?"

त्यांनी गोह आंटींची फाइल मिटली.

"जे दिसेल ते मला सांग. कधीही सांग. पेशंटला मी सांगेन."

तिला लागलं ते, पण चूक आपली आहे हे तिला दुखावलेल्या मनानेही मान्य होतं. पुण्यातही ती डॉक्टरांपुढेच मांडायची. इथे कुणी विचारत नाही म्हणून तिने परस्पर बोलून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने एक सुरू केलं. बीपी घेताना पेशंटशी दोन शब्द बोलायची आणि छोट्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहून फाइलला लावायची: काय होतंय, कधीपासून, आणि माणूस काय सांगायला कचरतोय. पहिला आठवडा डॉक्टरांनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या. दुसऱ्या आठवड्यात वाचू लागले. महिनाभराने एका दुपारी आतून आवाज आला, "सू, हिची चिठ्ठी कुठंय?" रोहाना तिच्याकडे बघून हसली.

२०१३ च्या जूनमध्ये सिंगापुरात डेंगीने कहर केला होता. त्यातच पलीकडच्या बेटांवर पेटलेल्या जंगलांचा धूर आभाळभर पसरला. अर्धा दवाखाना खोकत होता, उरलेला तापाने फणफणत होता. अशा एका गुरुवारी सकाळी पद्माकर घोलप नावाचा चाळिशीचा माणूस दुसऱ्यांदा आला. मंगळवारी तो आला तेव्हा जाईच्या शाळेत पालकसभा होती म्हणून सुलेखा रजेवर होती. त्यामुळे त्याच्या फाइलला चिठ्ठी नव्हती. डॉक्टरांनी त्या दिवशी डेंगीची चाचणी केली ती नकारार्थी आली, पण गुरुवारी रक्तातल्या प्लेटलेट्स पंच्याऐंशी हजारांवर घसरल्या होत्या. चाचणी कधीकधी चुकते, साथ तर दारातच उभी होती. भरपूर पाणी, तापाची गोळी, आराम, उद्या पुन्हा रक्त, असं सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत घेतला.

पद्माकर खिडकीशी आला. सुलेखाने पाकिटावरचं नाव वाचलं आणि मराठीतच विचारलं, "घोलप, तुम्ही कुठले?"

"चिपळूणचा." त्याचा चेहरा जरा उजळला. "इथे मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, ताई."

गोळ्या समजावून सांगताना तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पांढऱ्या भागावर पिवळट झाक होती. आणि मग तो थरथरू लागला. साधी शिरशिरी नव्हे, दात वाजत होते, खिडकीच्या कडेवर ठेवलेली बोटं टकटक वाजत होती.

"एसी फार लागतोय का?"

"नाही हो. कालही अशीच हुडहुडी भरली. परवाही. मग घामाने कपडे भिजतात."

"काम काय करता?"

"बोटीवर सेकंड इंजिनिअर. गेल्या आठवड्यात इथेच साइन ऑफ केलं, बोटीवरून उतरलो. कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये आहे. पुढच्या बुधवारी दुसरी बोट धरायचीय, म्हणून तर जरा लवकर बरं करा म्हणतोय."

सुलेखाने त्याची फाइल उघडली. मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या देशात प्रवास केलात, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं: कुठेही नाही. समुद्रावर होतो.

इतरांना नसेल माहीत, पण खलाशाच्या बायकोला माहीत असतं की समुद्र हा काही देश नव्हे, तो दोन बंदरांच्या मधला रस्ता असतो. मंदारने अशा कितीतरी फेऱ्या केल्या होत्या आणि ती कॅलेंडरवर दिवस मोजत बसली होती.

"शेवटचं बंदर कोणतं होतं?"

"लागोस. तिथून निघालो ते चोवीस दिवसांनी थेट इथे."

"लागोसचं मंगळवारी डॉक्टरांना सांगितलंत?"

"मी खाली उतरलोच नाही ताई, धक्क्यावर अकरा दिवस बोट उभी होती तेवढंच. मग नायजेरियात गेलो असं कसं लिहू?"

"मलेरियाच्या गोळ्या?"

"दर रविवारी घेत होतो. बंदर सुटलं, डास संपले, मग कोण घेतंय. पोटात मळमळायचं त्याने."

त्या गोळ्या बंदर सुटल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. हे तिला पाठ होतं, कारण एके काळी ती मंदारला फोनवर त्याची आठवण करून द्यायची.

पद्माकरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं? मला काय झालंय?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिने ते तिथेच ठेवलं. "तुम्ही इथे बसा. ही शाल घ्या. मी डॉक्टरांना विचारून येते."

आत एक बाई आपल्या बाळाला घेऊन बसली होती. रोहाना म्हणाली, "सू, पाच मिनिटं थांब ना." सुलेखाने दारावर टकटक केली आणि उत्तराची वाट न पाहता ते उघडलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानात असतानाच भुवया उंचावल्या.

"डॉक्टर, घोलप. शेवटचं बंदर लागोस, अकरा दिवस धक्क्यावर, निघून एक महिना होत आला. प्रतिबंधक गोळ्या निघताच सोडल्या. आता बाहेर थंडी वाजून थरथरतोय, डोळे पिवळे आहेत."

तिने निदान उच्चारलं नाही. तशी गरजच पडली नाही. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून ठेवला, बाळाच्या आईची माफी मागितली आणि स्वतः बाहेर आले. पद्माकरच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट चाचपलं. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि स्वच्छ सांगितलं की हा मलेरिया असू शकतो, आफ्रिकेतला वाईट प्रकारचा, आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायला हवं.

पद्माकर नाही म्हणाला. हॉस्पिटल म्हणजे बुधवारची बोट गेली. उद्या बघू, रक्त परत तपासू.

डॉक्टरांनी सुलेखाकडे पाहिलं. "तुमच्या भाषेत सांग. जे मी बोललो तेच, आणि पूर्ण."

ती त्याच्या शेजारी बसली. "घोलप, माझा नवरा चौदा वर्षं बोटीवर होता. बोट चुकली तर काय होतं ते मला ठाऊक आहे. कंपनी दुसरी बोट देते. डॉक्टर म्हणतायत तो ताप उद्याची वाट बघेलच असं नाही. डोक्यात गेला तर माणूस शुद्धीवर राहत नाही. घरी कोण कोण आहे?"

"बायको. दोन मुलगे."

"मग तिला फोन अँब्युलन्समधून करा. इथून नको."

 पद्माकरने होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी पत्र लिहिलं आणि ते सुलेखाच्या हातात देत म्हणाले, "तूही जा. तो शुद्धीत राहून बोलेल याची खात्री नाही." हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात तापाच्या पेशंटची रांग भिंतीला लागून वळण घेत होती. नोंदणीच्या नर्सने पत्र न उघडता डेंगीच्या रांगेकडे बोट दाखवलं. सुलेखा जागची हलली नाही.

"सिस्टर, पत्राची पहिली ओळ वाचा. पश्चिम आफ्रिकेहून आलाय. कावीळ आहे, प्लेटलेट्स पंच्याऐंशी हजार. येताना वाटेत माझं नाव दोनदा विसरला."

"तुम्ही कोण? डॉक्टर?"

"नाही. डॉक्टर को यांची असिस्टंट. ते फोनवर आहेत, बोला."

नर्सने फोन घेतला नाही. पत्र वाचलं, उठली आणि व्हीलचेअर आणली. दुपारी चारला हॉस्पिटलमधून दवाखान्यात निरोप आला: रक्तात फाल्सिपॅरम मलेरियाचे जंतू, भरपूर, शिरेतून औषध सुरू केलंय. रात्रभर उशीर झाला असता तर, असं काहीतरी तिथले डॉक्टर बोलू लागले, तेव्हा डॉक्टर को यांनी वाक्य पुरं होऊ न देता आभार मानले. फोन ठेवून त्यांनी घोलपची फाइल पुन्हा उघडली.

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतंत. त्याने खरं तेच सांगितलं होतं," सुलेखा म्हणाली. "प्रश्न खलाशांसाठी नव्हता."

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा जाई दारातच होती. "आई, यू सो लेट, लाह," ती शाळेत उचललेल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मंदारने भात लावला होता. तिने जेवताना त्याला सगळं सांगितलं.  पुढच्याच आठवड्यात त्याने ऑफिसात आपल्या बोटींना एक पत्रक पाठवलं, गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या ते ठळक अक्षरांत.

पद्माकर नऊ दिवसांनी हॉस्पिटलमधून सुटला, बराच वाळलेला. चिपळूणला जाण्याआधी दवाखान्यात येऊन बसला, डॉक्टरांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सुलेखाला म्हणाला, "ताई, बायको विचारतेय, तुम्हाला काय पाठवू." सुलेखाने सांगितलं की कोकमं पाठवा, इथली आंबट नसतात. ऑगस्टमध्ये दीड किलोचं पार्सल आलं. रोहानाला कोकमाचं सार फार आवडलं.

दवाखान्याचा फॉर्म बदलला. नवा प्रश्न सुलेखाने लिहिला, डॉक्टरांनी त्यात एक शब्दही हलवला नाही. तिच्या कामाला मात्र सिंगापुरात नाव मिळालं नाही. पण २०१६ साली डॉक्टरांनी मागची साठवणीची खोली रिकामी केली, तिथे टेबल आणि तपासणीचा पलंग टाकला आणि मधुमेहाचे सगळे पेशंट आधी तिच्याकडे पाठवू लागले. ती पायाची संवेदना शाबूत आहे का ते तपासते, इन्सुलिनची सुई कशी धरायची ते शिकवते, काय खाता ते खरं खरं वदवून घेते. शेवटी डॉक्टर येतात, तिचं ऐकतात, पेशंटला बघतात आणि सही करतात.

मंगळवारी सकाळी पहिला नंबर एका बस ड्रायव्हरचा असतो, मुनियांडी त्याचं नाव. बूट काढायला तो लाजतो. सुलेखा खाली स्टुलावर बसते, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेते आणि म्हणते, "अंकल, डोळे मिटा. कुठे स्पर्श झाला ते सांगा." तो डोळे मिटून, अगदी परीक्षेला बसल्यासारखा, विचार करून उत्तर देतो.