स्कूटर उघडून बसणाऱ्या काकू

इकडे हिंदी मुलखात, माधव नगरला आमच्या समोर राहणाऱ्या एक मराठी काकू रविवारी सकाळी आपल्या स्कूटरचं काम स्वतः करायच्या. पदर कमरेला खोचून पोत्यावर बसायच्या. काळं ऑइल जुन्या परातीत गळेपर्यंत प्लग घासत राहायच्या. जाणारे-येणारे पुरुष थांबून सल्ले द्यायचे. त्या मान वर न करता "हाँ भैया" म्हणायच्या.

एकदा माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. मी त्यांना विचारलं, "काकू, एखादा चांगला मिस्त्री सांगा ना."

"मिस्त्री पुष्कळ आहेत गं. पण हे वारल्यापासून जिथे जाते तिथे एकच ऐकते, 'भाभीजी, भाईसाहब को भेज दीजिए, उनको समझा देंगे.' आता त्यांना कुठून पाठवू?"

काकूंनी पाना माझ्या हातात दिला आणि ब्रेकचा नट दाखवला. मी तो इतका आवळला की चाकच अडकलं.

"थोडा ढिला कर," त्या हसून म्हणाल्या. मग चाक मोकळं फिरलं आणि ब्रेकही नीट लागला.

घरी आले तर नवरा स्कूटरची किल्ली शोधत होता, मिस्त्रीकडे न्यायला. "झालं काम," मी म्हणाले, आणि तशाच काळ्या हातांनी जरा वेळ त्याच्याजवळ बसले.