एनारच्या नावाने येणारी घाण

स्वावा हेल्गासनने कॅनडातल्या आमच्या गिमली गावच्या मासळी कारखान्यात एकतीस वर्षं मासे साफ केले. कोपरापर्यंत हात बरबटलेले असताना ती शेजारणीशी गप्पा मारत सँडविच खायची. या बाईला किळस म्हणून काही माहीतच नसावी, असं आम्हाला वाटायचं. मार्चमध्ये तिचा नवरा एनार गेला. त्यानंतर महिन्याभराने ती, मी काम करते त्या वाचनालयात, माझ्या टेबलाशी आली, तेव्हा लॅपटॉप तिने दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

"हे बघ पोरी," ती म्हणाली. "गेलेल्या माणसालाही सोडत नाहीत."

एनारच्या ईमेलमध्ये चार हजार पत्रं साचली होती. अभिनंदन एनार, तुमची निवड झाली आहे. एनार, टकलावर केस उगवा. एनार, तुमच्या जवळपास राहणाऱ्या एकट्या बायका तुमची वाट बघताहेत. या ढिगाऱ्यातच कुठेतरी आइसलँडमधल्या त्याच्या चुलतभावाची खरी पत्रं होती आणि तिला ती हवी होती, म्हणून खातं बंद करवत नव्हतं.

"खाली लिहिलंय ना, नको असेल तर इथे दाबा," ती म्हणाली. "मी रोज दाबते."

"म्हणूनच वाढली, अम्मा." आमच्या गावात म्हाताऱ्या बाईला सगळे अम्माच म्हणतात. "ओळखीच्या दुकानाचं पत्र असेल तर खुशाल दाबा. पण या लोकांना तुम्ही दाबलं की एवढंच कळतं, इथे कोणीतरी वाचतंय. न उघडता नुसतं 'स्पॅम' म्हणून टाकून द्यायचं."

तिने बोटं जाकिटाला पुसली.

जूनमध्ये तिच्या स्वतःच्या ईमेलवर एक पत्र आलं. लिहिणारा म्हणे एनारबरोबर तलावावर मासेमारीला जायचा. त्याला होडीचं नाव ठाऊक होतं, नातीचं ठाऊक होतं, आजारही ठाऊक होता. एनारचे तरुणपणीचे फोटो आहेत, खालच्या दुव्यावर तुमचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड घाला म्हणजे दिसतील. तिने घातले. फोटो काही दिसले नाहीत. दोन दिवस ती वाट बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नावाने मला पत्र आलं: मी इस्पितळात आहे, ऑपरेशन आहे, कोणाला सांगू नकोस, दुकानातून गिफ्ट कार्डं घे आणि खरवडून मागचे आकडे पाठव. मी लगेच तिच्या घरी फोन लावला.

"इस्पितळात? मी बटाटे लावतेय," ती म्हणाली. मग तिने मला त्या फोटोंच्या पत्राचं सांगितलं.

मी तिच्या घरी गेले. आम्ही पासवर्ड बदलला, फोनवर कोड आल्याशिवाय खातं उघडणार नाही असं केलं आणि तेच पत्र सगळ्यांना गेलं असणार म्हणून ओळखीच्या एकेकाला फोन केले. तिचा शेजारी ओरेस्ट हुमेन्युक फोन उचलेना. आम्ही कुंपणाच्या फटीतून त्याच्याकडे गेलो.

ओरेस्ट चौऱ्याऐंशीचा. स्वयंपाकघरात बसला होता, समोर खरवडलेली पाच कार्डं, आकडे पाठवून झालेले. स्वावाला धडधाकट दारात बघून त्याने आधी सुस्कारा सोडला आणि मग टोपी काढून तोंडासमोर धरली.

"दुकानातल्या मुलीने विचारलं मला," तो म्हणाला. "काका, कोणी फोन-ईमेल करून मागितलीत का ही. मी खोटं बोललो. नातवंडांसाठी म्हणालो. तू कोणाला सांगू नको लिहिलं होतंस ना."

"मी नव्हतं लिहिलं रे."

"आता कळतंय. खरवडतानाच मनात आलं होतं, काहीतरी गडबड आहे. पण म्हटलं, ही तिकडे एकटी पडलीय, मी कशाला उलटतपासणी करत बसू?"

स्वावा नळाशी गेली आणि साबणाने हात धुवायला लागली. कितीतरी वेळ धूत होती. "त्यांनी एनारची मृत्यूची बातमी वाचली," ती पाठमोरीच म्हणाली. "पेपरात मीच दिली होती, होडीच्या नावासकट. बसून, वाचून, त्यातनं काय काय वापरता येईल ते वेचलं. ओकारी येते मला."

पोलिसांत तक्रार दिली. कार्डांचे पैसे परत आले नाहीत. आठवड्याने ओरेस्टला नवं पत्र आलं: तुमची फसवणूक झाली आहे, थोडी फी भरा, सगळं परत मिळवून देतो. पहिल्यांदा फसलेल्यांची यादीच हे लोक एकमेकांना विकतात, हे मी सांगितलं तेव्हा स्वावा माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू तो धंदा मीच करत होते.

त्या गुरुवारी ज्येष्ठांच्या हॉलमध्ये कॉफीच्या वेळी ती उठून उभी राहिली. ओरेस्ट लाजेने आला नव्हता. "मी मूर्खपणाने पासवर्ड दिला," तिने सांगितलं. "माझ्यामुळे एक भला माणूस लुबाडला गेला. तुमच्यातलं कोणी फसलं असेल तर आत्ता सांगा. गप्प बसलात तर या डुकरांचंच फावतं."

 आधी चर्चची ऑर्गनवाली उठली. तिच्यामागून निवृत्त मुख्याध्यापक. एकूण सात जण निघाले. मुख्याध्यापकांनी तर बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि बायको शेजारीच बसली होती.

तेव्हापासून दर मंगळवारी हे सगळे माझ्याकडे येतात. पैसे मागणारं पत्र आलं की त्या माणसाला आपल्या डायरीतल्या नंबरवर फोन करायचा, पत्रातल्या नाही, एवढं तरी आता सगळ्यांना पाठ झालंय. ओरेस्टला आणायला मात्र स्वावाला तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "लाज त्यांना वाटायला हवी. तू माझ्यासाठी धावलास. चल, कोट घाल."

ऑगस्टमध्ये तिने चुलतभावाची बावीस पत्रं छापून घेतली आणि एनारचं खातं बंद करायला सांगितलं. मी बटण दाबत असताना ती पडद्याकडे बघत नव्हती. तेवढ्या वेळातही तीन नवी पत्रं येऊन पडली.

"काय आहे त्यात?" तिने विचारलं.

मी लॅपटॉप मिटला.  छापलेली पत्रं पिशवीत घालून ती दाराशी थांबलेल्या ओरेस्टबरोबर बाहेर पडली.