यमूआत्याचं खरं वय

शाळेच्या दारात शेजारचे पाटणकर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, घरी चला. म्हातारी गेली." माझ्या घरात म्हातारी कुणी नव्हतीच. कोण म्हातारी, असं मी खेकसूनच विचारलं... आणि विचारता विचारताच कळलं, की यमूआत्या गेली. आज सहा आठवडे झाले. रडू ओसरलं. राग तसाच आहे, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझ्या वडिलांना दोन बहिणी. थोरली काशी विधवा होऊन माहेरी आलेली, लालबागच्या एका गिरणीत बॉबिनवर सूत गुंडाळायच्या खात्यात होती. ती तापाने गेली तेव्हा घरात खाणारी तोंडं सहा. खात्याचा मुकादम आमच्याच चाळीतला. त्याने तोड काढली: धाकटीला काशीच्या हजेरीच्या तिकिटावर उभी करा, साहेब काय चेहरे बघतो? झालं. सतरा वर्षांची यमू दुसऱ्या दिवशी सव्वीस वर्षांची काशी झाली. तिकीट मेलेल्या बहिणीचं, राबणारे हात हिचे. त्या काळी गिरणगावात याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. पुढे आम्हां भावंडांच्या पोटापायी तिचं लग्नही राहून गेलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटायच्या थोडं आधी गिरणीत हुकूम आला, साठी झालेल्यांना घरी बसवा. यादीत काशीबाई होती. आत्या एक्कावन्न वर्षांची, दात शाबूत, केस काळे... खरं काय ते सांगू शकणारा माणूस एकच, मुकादम. स्वतःचं वय त्याने पूर्वीच पाच-सात वर्षांनी खाली लिहून घेतलं होतं. आत्या तीनदा त्याच्या दारात गेली. तो म्हणाला, "कागदावर हाय ते हाय. माझी नोकरी घालवतीस का?" पुढच्या महिन्यात तिच्या जागेवर त्याची भाची उभी राहिली.

म्हातारपण आतून येतं अशी माझी समजूत होती. आत्याला ते बाहेरून आणून घातलं. आधी चाळ तिला म्हातारी म्हणू लागली, मग नळावर तिची बादली दुसरंच कुणी उचलू लागलं, मग खरोखरच तिचे गुडघे दुखायला लागले. "माका म्हातारी म्हणू नकात," ती म्हणायची, "म्हातारी ती काशी. ती कदीच गेली." संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना ती हट्टाने जायची, लालबागेतून शिवाजी पार्कापर्यंत पायी, मुद्दाम मुकादमाच्या चार पावलं पुढे. परत आली की दोन दिवस अंथरुणातून उठत नसे. महाराष्ट्र झाला तेव्हा तिने अख्ख्या चाळीत पेढे वाटले, एक दार वगळून.

स्मशानात कारकुनाने नाव-वय विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून मुकादम म्हणाला, "काशीबाई. सहासष्ट लिवा. मीच कामाला लावलेली. भरपूर जगली." मी म्हणालो, यमुना, वय सत्तावन्न. कारकुनाने दाखला मागितला. आमच्याकडे जन्माचा कागद कुठला? होतं ते गिरणीचं तिकीट. त्याने काशी लिहिली. चाळीस वर्षांपूर्वी मेलेली बाई पुन्हा एकदा मेली, आणि माझी आत्या कुठल्याच वहीत नाही.

मुकादमाला मी तिथेच सांगितलं, "चाळीत मयताचा कागद करायला मलाच पाठवतात. तुमच्या वेळीही मीच असेन." त्याला मूलबाळ नाही, बायको केव्हाच गेली. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मला बरं वाटलं.

गेल्या रविवारी तो काठी टेकत माझ्या दारी आला. फडक्यात गुंडाळलेलं जन्मटिपण त्याने पुढे केलं, गावच्या भटजींनी लिहिलेलं. "पोरा, ह्ये तुझ्यापाशी ठेव. येळंला लागंल. माझं समदं खरं लिव." क्षणभर दया आली, खोटं कशाला बोलू... मग आत्याने त्याच्या दारात घातलेले तीन हेलपाटे आठवले.

कागद मी ठेवून घेतला. त्याला चहा पाजला. तो जिना उतरेपर्यंत थांबलो आणि जन्मटिपण शेगडीत घातलं. मुकादमाला वाचता येत नाही. हे मी लिहिलेलं कुणी त्याला वाचून दाखवलं, तर माझी हरकत नाही.