उजेडासाठी बसवलेला पत्रा

घोटावड्यातल्या माझ्या वर्कशॉपचं छप्पर निवडताना मी फक्त उजेड बघितला. लोखंडी पत्र्यांमध्ये चार फायबरचे पत्रे घातले. ते बसवणारे सखाराममामा तेव्हाच म्हणाले होते, "खाली जाळी टाका. धूळ बसली की ह्यो पत्रा वळखू येत न्हाई."

मी म्हटलं, वर कोण चढतंय?

गेल्या आठवड्यात गळती काढायला मामाच चढले. धुळीत तो पत्रा त्यांनाही ओळखू आला नाही. पत्रा फुटला, मामा खाली पडले आणि गेले.

आज त्यांच्या घरी गेलो होतो. मामींनी एवढंच विचारलं, "जाळी टाकली का? आता दुसरं कुनी चढंल."

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या शेडला जाळी आहे का?

मी फुटलेल्या जागी दुसऱ्याच दिवशी नवा पत्रा बसवला. जाळी राहूनच गेली.